अझ्कबानचा कैदी: हॅरी पॉटरच्या तिसऱ्या चित्रपटाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

'हॅरी पॉटर अँड द प्रिझनर ऑफ अझ्कबान' (२००४) या चित्रपटाबद्दल पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी, डोकं खाजवायला लावणारे नंतर. प्रश्न ४ मध्ये शेवट उघड होतो आणि प्रश्न १० पासून पुढे कथानक पूर्ण उघड होतं. चित्रपट पाहिला नसेल तर प्रश्न ४ वगळा आणि १० च्या आधीच थांबा.

१. हा कितवा भाग? आधीचे दोन न पाहता थेट हाच पाहिला तर चालेल का?

आठ चित्रपटांपैकी तिसरा. हॅरीचं हॉगवर्ट्स या जादूच्या शाळेतलं तिसरं वर्ष, वय तेरा. थेट पाहिला तरी मुख्य गोष्ट समजते, कारण फरार कैदी सिरियस ब्लॅक, नवा शिक्षक लुपिन, अझ्कबान तुरुंगाचे पहारेकरी डिमेंटर, अर्धा गरुड-अर्धा घोडा असलेला बकबीक हे सगळे इथेच पहिल्यांदा येतात. दोन गोष्टी मात्र आधी ठाऊक हव्यात: हॅरीचे आईवडील दुष्ट जादूगार व्होल्डेमॉर्टच्या हातून मेले, आणि हॅरीचा मित्र रॉन याचा उंदीर स्कॅबर्स पहिल्या भागापासून त्याच्याजवळ आहे. दुसरी गोष्ट क्षुल्लक वाटेल, पण शेवटचा अर्धा तास तिच्यावरच उभा आहे. वेळ असेल तर निदान पहिला भाग बघून घ्या.

२. मुलांना दाखवावा का? कोणती दृश्यं भीतीदायक आहेत?

ब्रिटनमध्ये याला पहिल्या दोन भागांसारखंच 'पीजी' प्रमाणपत्र मिळालं. कडक प्रमाणपत्र चौथ्या भागापासून सुरू झालं. पण प्रमाणपत्र एकच असलं तरी भीतीची जात वेगळी आहे. आधीच्या भागांत भीती साप-कोळ्यांची होती. इथे ती डब्याच्या दारातून आत सरकणाऱ्या, चेहरा नसलेल्या आकृतीची आहे, आणि लहान मुलं नेमकी तीच रात्री डोक्यात घेऊन झोपतात.

सांभाळायच्या जागा अशा: आगगाडीतला डिमेंटर (सुरुवातीच्या अर्ध्या तासात), पावसातला क्विडिचचा (झाडूवर बसून खेळायचा खेळ) सामना, भविष्य शिकवणाऱ्या ट्रिलॉनीचा आवाज अचानक बदलतो तो प्रसंग, लुपिनचं रूपांतर आणि तळ्याकाठचा हल्ला. आठ-नऊ वर्षांच्या मुलांनी मोठ्यांसोबत पाहायला हरकत नाही. त्याहून लहान असतील तर आगगाडीचं दृश्य आधी एकट्याने पाहून ठरवा. तेवढं पचलं तर पुढचं बहुतेक पचतं.

३. आमच्या टीव्हीवर अर्धा सिनेमा काळाकुट्ट दिसतो. प्रिंट खराब आहे का?

बहुधा नाही. छायाचित्रकार मायकेल सेरेसिन यांनी हा चित्रपट मुद्दाम कमी उजेडात, राखाडी-निळ्या छटांत टिपला आहे. घरी तो आणखी बुडतो त्याची कारणं ठरलेली असतात. टीव्हीतला वीजबचतीचा पर्याय पडदा मंद करतो, तो आधी बंद करा. मग चित्राचा 'व्हिव्हिड' किंवा 'डायनॅमिक' मोड काढून 'सिनेमा' किंवा 'मूव्ही' मोड लावा. झगझगीत मोडमध्ये काळे भाग आणखी काळे होतात आणि श्रीकिंग शॅक या पडक्या घरात कोण कुठे उभं आहे हे कळेनासं होतं. खोलीतला दिवा टीव्हीच्या समोर नको, मागे असू द्या. एवढं करूनही तपशील दिसत नसेल तर 'ब्राइटनेस' दोन-चार घरं वाढवा, 'कॉन्ट्रास्ट'ला हात लावू नका.

वरखालच्या काळ्या पट्ट्या बिघाड नव्हे. चौकट मुळातच रुंद आहे. 'झूम' करून पडदा भरला तर दोन्ही कडांचं चित्र कापलं जातं, आणि या चित्रपटात बरंच काही कडेलाच घडतं (प्रश्न ५ पाहा).

४. याला मालिकेतला 'काळोखा' भाग का म्हणतात? यात तर कुणी मरतही नाही.

बरोबर. कथेच्या ओघात एकही पात्र मरत नाही. एक निळा पक्षी तेवढा मारक्या विलो झाडाच्या तडाख्यात सापडतो, आणि तोही विनोद म्हणून. शिवाय आठांपैकी हा एकच चित्रपट असा, ज्यात व्होल्डेमॉर्ट कुठल्याच रूपात समोर येत नाही.

काळोख येतो तो दुसरीकडून. इथला शत्रू बाहेरून कमी आणि आतून जास्त येतो. डिमेंटर माणसाला मारत नाहीत, त्याच्यातला आनंद ओढून घेतात आणि सगळ्यात वाईट आठवण तेवढी मागे ठेवतात. ज्याच्या वाट्याला जास्त दुःख, त्याच्यावर असर जास्त. म्हणून डब्यात बसलेल्या सगळ्यांत बेशुद्ध पडतो तो हॅरी. दुसरं म्हणजे शेवट. आधीच्या दोन्ही भागांत शेवटी न्याय होतो, मेजवानी होते, टाळ्या पडतात. इथे खरा गुन्हेगार पळून जातो, निर्दोष माणूस फरारच राहतो, आणि शाळेतला सर्वांत चांगला शिक्षक राजीनामा देऊन बॅग भरतो. पुढच्या भागांत मृत्यू ढिगाने आहेत, पण इतका अस्वस्थ शेवट क्वचितच आहे.

५. पहिल्या दोन भागांपेक्षा हा इतका वेगळा का दिसतो?

मुख्य कारण दिग्दर्शक. पहिले दोन ख्रिस कोलंबस यांनी केले. तिसऱ्याच्या वेळी ते निर्मात्यांपैकी एक म्हणून राहिले आणि दिग्दर्शनासाठी मेक्सिकोचे अल्फोन्सो क्वारोन आले. पटकथा स्टीव्ह क्लोव्ह्ज यांचीच, कला-दिग्दर्शनही स्टुअर्ट क्रेग यांचंच. छायाचित्रकार मात्र बदलला, आणि वेशभूषा पहिल्यांदाच जेनी तेमिम यांच्याकडे गेली.

डोळ्यांना जाणवतात ते बदल असे:

कपडे. मुलं वर्गाबाहेर जीन्स आणि टी-शर्टात फिरतात. गणवेश असला तरी टाय सैल, शर्ट बाहेर. तेरा वर्षांची मुलं जशी राहतात तशी.

जागा. शाळेचा रखवालदार हॅग्रिडची झोपडी सपाटीवरून उताराखाली गेली. लाकडी झाकलेला पूल, दगडांचं वर्तुळ आणि भल्या मोठ्या लंबकाचा घड्याळ-मनोरा नवे आले. आधी हॉगवर्ट्स म्हणजे एकापाठोपाठ एक खोल्या होत्या. आता एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी चालत जायला वेळ लागतो, आणि उत्तरार्धातल्या धावपळीला हाच भूगोल कामी येतो (प्रश्न १२).

कॅमेरा. रुंद भिंगं, लांबलचक शॉट, जवळून घेतलेले चेहरे कमी. नमुना पाहायचा तर लीकी कॉल्ड्रनमध्ये रॉनचे वडील हॅरीला बाजूला घेऊन सिरियसबद्दल सावध करतात ते दृश्य बघा. दोघं बोलत बोलत गर्दीपासून दूर सरकतात, कॅमेरा न कापता त्यांच्यासोबत फिरतो, आणि खांबावरच्या 'पकडा' छापाच्या भित्तिपत्रकातला सिरियस मध्येच चौकटीत शिरून किंचाळतो. संवाद माहितीचा आहे, भीती मात्र मागच्या कागदातून येते. त्याच खानावळीत एक माणूस स्टीफन हॉकिंग यांचं काळाच्या इतिहासावरचं पुस्तक वाचत बसला आहे. हात न लावता त्याचा चमचा आपोआप ढवळतो. पुढे काळाशीच खेळ होणार आहे, याची ही आगाऊ सूचना.

अभिनयातही फरक आहे. क्वारोन यांनी तिन्ही मुलांना आपापल्या पात्रावर निबंध लिहायला सांगितला होता. डॅनियल रॅडक्लिफने (हॅरी) पानभर लिहिला, एमा वॉटसनने (हॅरीची मैत्रीण हर्माईनी) पानंच्या पानं भरली, रूपर्ट ग्रिंटने (रॉन) दिलाच नाही. तिघंही आपापल्या पात्राला जागले.

६. मुख्याध्यापक डम्बलडोर बदलले का?

हो. रिचर्ड हॅरिस यांचं ऑक्टोबर २००२ मध्ये निधन झालं. या भागापासून मायकेल गॅम्बन आले आणि शेवटपर्यंत राहिले. हॅरिस यांचे डम्बलडोर आजोबांसारखे शांत होते. गॅम्बन यांचे हलके, थोडे विक्षिप्त, हातात सतत काहीतरी चाळा करणारे. या भागाला ते जास्त शोभतात, कारण शेवटी अर्धवट वाक्यात केवढा तरी इशारा देऊन निघून जाणारा माणूस हवा होता.

७. डिमेंटर कसे तयार केले? बाहुल्या की संगणक?

पडद्यावर दिसतात ते संगणकीय. सुरुवातीला मात्र कठपुतळीचे प्रयोग झाले. बाहुलीकार बॅसिल ट्विस्ट यांच्या मदतीने कापडी आकृत्या पाण्याखाली हलवून त्यांचं चित्रण केलं. पाण्यात कापड हवेसारखं फडफडत नाही, ते संथपणे उलगडत राहतं, आणि क्वारोन यांना नेमकी तीच हालचाल हवी होती. पण पाण्यातली आकृती ठरल्या जागी, ठरल्या वेळी वळवणं जमेना. म्हणून अखेर इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिक या संस्थेने त्या चाचण्यांचा नमुना समोर ठेवून डिमेंटर संगणकावर घडवले.

काचेवर पसरणारं बर्फ, गोठणारं फूल, तोंडातून निघणारी वाफ या खुणा ते दिसण्याआधीच येतात. दुसऱ्यांदा पाहताना खिडक्यांकडे लक्ष ठेवा.

८. नाइट बस खरी होती का? आणि बकबीक?

बस खरी होती, रस्त्यावर चालणारी. लंडनच्या जुन्या डबलडेकर बसगाड्या कापून-जोडून तीन मजली जांभळी बस उभी केली आणि उत्तर लंडनच्या पामर्स ग्रीन भागात प्रत्यक्ष चित्रण झालं. वेगाची युक्ती साधी आहे: आजूबाजूच्या गाड्या अगदी हळू हाकल्या, बस नेहमीच्या वेगाने चालवली, आणि कॅमेऱ्यात सेकंदाला कमी चौकटी टिपल्या. तो तुकडा नेहमीच्या गतीने दाखवला की इतर वाहतूक साधी वाटते आणि बस बंदुकीच्या गोळीसारखी जाते. दोन गाड्यांमधून चिपाड होऊन जाण्याचा भाग अर्थातच संगणकाचा.

बकबीक मिश्र आहे. भोपळ्यांच्या वाफ्यात बांधून बसवलेला असतो तेव्हा बऱ्याचदा पूर्ण आकाराची पिसं लावलेली प्रतिकृती. चालताना, वाकून नमस्कार करताना, उडताना फ्रेमस्टोअरने केलेलं संगणकीय काम. दृश्य-परिणामांसाठी चित्रपटाला ऑस्कर नामांकन मिळालं, पुरस्कार नाही.

९. चित्रीकरणाच्या जागा बघायला जायचं आहे. कुठे काय सापडेल?

आगगाडी थांबते तो पूल स्कॉटलंडमधला ग्लेनफिनन व्हायाडक्ट, २१ कमानींचा. फोर्ट विल्यम ते मॅलेग या मार्गावर मोसमात वाफेच्या इंजिनाची पर्यटक गाडी त्याच्यावरून जाते. गाडीत बसलात तर पूल नीट दिसत नाही. पूल बघायचा असेल तर ग्लेनफिनन स्थानकाजवळच्या टेकडीवर चढून गाडीची वाट पाहावी.

हॅग्रिडची झोपडी ग्लेनकोमध्ये क्लॅकेग भागात उभारली होती आणि चित्रीकरणानंतर पाडली. तिथे आता डोंगर आहेत, झोपडी नाही. हे माहीत नसल्याने बरेच जण हिरमुसतात. तळ्याकाठची काही दृश्यं इंग्लंडमधल्या सरे परगण्यातल्या व्हर्जिनिया वॉटर इथली. लीकी कॉल्ड्रनचं दार लंडनच्या बरो मार्केटपाशी, रेल्वेपुलाखाली. बाकी बहुतेक सगळं वॉटफर्डजवळच्या लीव्ह्सडेन स्टुडिओत झालं. तिथे आता प्रेक्षकांसाठी फेरी आहे आणि नाइट बसही पाहायला मिळते. तिकीट आधीच काढून ठेवा, दारात मिळेल हे गृहीत धरू नका.

१०. पुस्तकातलं काय गाळलं, काय बदललं?

मूळ ब्रिटिश आवृत्तीत दुसरं पुस्तक २५१ पानांचं, तिसरं ३१७ पानांचं. चित्रपट मात्र उलटे: दुसरा १६१ मिनिटांचा, तिसरा १४२. म्हणजे जास्त पानं कमी वेळात, आणि कात्री लागणारच. महत्त्वाचे फरक असे:

फायरबोल्ट झाडू पुस्तकात नाताळात येतो आणि त्यावरून तिघांत भांडण जुंपतं. चित्रपटात तो अगदी शेवटी येतो. क्विडिचचा करंडक, रॉनच्या पलंगाशी चाकू घेऊन आलेला सिरियस, क्रुकशँक्स मांजराची सिरियसशी दोस्ती हे सगळं वगळलं. हॅरीचा वर्गातला वैरी मॅल्फॉय याला हर्माईनी पुस्तकात थप्पड देते, चित्रपटात ठोसा. ट्रिलॉनीचं खरं भाकीत पुस्तकात परीक्षेच्या वेळी होतं, चित्रपटात हॅरी काचेचा गोळा परत ठेवायला जातो तेव्हा. सिरियसच्या कोठडीचं दार हर्माईनी 'बोंबार्डा' म्हणून उडवते, हेही चित्रपटाचंच. नाइट बसमधलं बोलकं वाळकं मुंडकं पुस्तकात नाही. काहींना ते फार आवडतं, आमच्या मते दोन विनोद कमी असते तरी चाललं असतं.

सगळ्यात जड पडलेली कात्री नकाशाच्या इतिहासावरची. तिच्यासाठी पुढचा वेगळा प्रश्न वाचा.

११. मूनी, वर्मटेल, पॅडफूट, प्राँग्ज हे कोण? चित्रपटात कुठेच सांगत नाहीत!

खरंच सांगत नाहीत, तुमचं लक्ष चुकलं नव्हतं. हॉगवर्ट्सचा नकाशा बनवणाऱ्या चार मित्रांची ही टोपणनावं. मूनी म्हणजे रीमस लुपिन, पौर्णिमेला लांडगा होणारा. वर्मटेल म्हणजे पीटर पेटिग्र्यू, उंदीर. पॅडफूट म्हणजे सिरियस, काळा कुत्रा. प्राँग्ज म्हणजे हॅरीचे वडील जेम्स, सांबर. लुपिनला एकटं वाटू नये म्हणून बाकी तिघं प्राण्याचं रूप घ्यायला चोरून शिकले, कारण लांडगा माणसांना धोकादायक असतो, प्राण्यांना नाही.

हे सुटल्याने चार ठिकाणी प्रेक्षक अडखळतो. लुपिनला तो कागद नकाशा आहे हे कसं कळलं? कारण तो त्यानेच बनवला होता. सिरियस कुत्रा का होतो? वर आलंच. हॅरीचा पेट्रोनस (डिमेंटरना हुसकावणारी मंत्राची आकृती) सांबरच का? वडिलांचं रूप. आणि तळ्यापलीकडे उभे वडीलच होते असं हॅरी छातीठोकपणे का म्हणतो? पुस्तकात या सगळ्याची उत्तरं मिळतात, चित्रपटात ती हवेत राहतात. दोन मिनिटांच्या संवादाने काम झालं असतं. एवढ्या देखण्या चित्रपटातली ही खरी उणीव, आणि ती वेळेअभावी झाली असं म्हणायलाही जागा नाही, कारण वाळक्या मुंडक्याला वेळ होता.

श्रीकिंग शॅकमध्ये लुपिन आणि दुसरा शिक्षक स्नेप नेमके कसे पोचले, हेही याच गाळलेल्या भागात आहे. लुपिनने हॅरीकडून जप्त केलेल्या नकाशावर त्यांना पाहिलं. स्नेप लुपिनला औषध द्यायला गेला आणि उघडा नकाशा त्याच्या नजरेस पडला.

१२. काळात मागे नेणाऱ्या टाइम-टर्नरचा भाग नीट क्रमाने सांगाल का?

हर्माईनीने स्वतःच्या आणि हॅरीच्या गळ्यात साखळी घालून वाळूचं घड्याळ तीनदा फिरवलं. ते साडेसातला पोचतात. इथून पुढे दोन जोड्या एकाच वेळी वावरत आहेत. 'आधीची' म्हणजे पहिल्यांदा ती संध्याकाळ जगणारी, 'नंतरची' म्हणजे परत आलेली.

आधीचे तिघं दगडांच्या वर्तुळापाशी मॅल्फॉयला भेटतात, ठोसा बसतो, मग हॅग्रिडकडे जातात. नंतरचे दोघं भोपळ्यांआड लपतात. बकबीकला मारायला आलेले मंत्री फज आणि जल्लाद जवळ आले तरी आधीचे तिघं झोपडीतून हलत नाहीत, म्हणून नंतरची हर्माईनी खिडकीतून दगड मारते. पहिला बरणी फोडतो, दुसरा हॅरीच्या डोक्याला लागतो. तिघं वळून बघतात, पाहुणे येताना दिसतात आणि मागच्या दाराने सटकतात. नंतरचे दोघं मेलेल्या फेरेटचं आमिष दाखवून बकबीकला रानात नेतात. डम्बलडोर तोवर फजला बोलण्यात गुंतवून ठेवतात, अगदी सहज केल्यासारखं.

मग विलोपाशी वाट पाहणं. आत लुपिन जातो, त्याच्यामागे स्नेप. सगळे बाहेर येतात, चंद्र ढगाआडून निघतो, लुपिन लांडगा होतो. तो आधीच्या हॅरीवर झेप घेणार तोच रानातून हुंकार येतो. तो नंतरच्या हर्माईनीने दिला होता. लांडगा वळतो खरा, पण आता थेट या दोघांच्या मागे लागतो, आणि बकबीक त्याला हुसकावतो. मग तळं आणि पेट्रोनस (प्रश्न १४). शेवटी बकबीकवर बसून मनोरा, सिरियसची सुटका, आणि घड्याळाचे टोले संपायच्या आत रुग्णालयाच्या दाराशी. डम्बलडोर बाहेर पडतच असतात. रॉनच्या दृष्टीने हे दोघं क्षणात पलंगाशेजारून दारात पोचले.

पुन्हा पाहाल तेव्हा पहिल्या फेरीतल्या तीन खुणा टिपा: बरणी फुटणं, झाडीकडे बघून हर्माईनीचं थबकणं, आणि लांबून आलेला हुंकार. तिन्ही आधीच पडद्यावर आहेत, फक्त कारण दिलेलं नाही.

१३. म्हणजे बकबीक पहिल्यांदा मेला आणि मग त्यांनी भूतकाळ बदलला, असंच ना?

नाही. गैरसमजांत हा पहिल्या नंबरवर. टेकडीवरून तिघांना जल्लादाची कुऱ्हाड वर जाताना दिसते आणि ती पडल्याचा आवाज येतो. प्रत्यक्ष वार कुणी पाहिलेला नाही. दुसऱ्या फेरीत कळतं की बकबीक तोवर रानात पोचला होता आणि चिडलेल्या जल्लादाने कुऱ्हाड भोपळ्यावर घातली. एकच संध्याकाळ घडली, एकदाच घडली. आपण ती दोन बाजूंनी पाहिली, इतकंच.

१४. तळ्याकाठी हॅरीला हॅरीनेच वाचवलं. मग 'पहिल्यांदा' त्याला कुणी वाचवलं?

'पहिल्यांदा' असं काही नाहीच, हे प्रश्न १३ मध्ये आलं. पलीकडच्या काठावर उभा होता तो नंतरचा हॅरी, तेव्हाही आणि आत्ताही. वडील येतील म्हणून तो थांबतो, कुणी येत नाही, आणि मग उमगतं की आपण ज्याला पाहिलं तो आपणच.

मंत्र आधी नीट जमत नव्हता, तो अचानक कसा जमला? पेट्रोनसला आनंदाची जोरकस आठवण लागते. लुपिनच्या सरावात झाडूवर पहिल्यांदा बसल्याची आठवण कमी पडते. नंतर आईवडील आपल्याशी बोलताहेत ही आठवण चालते, आणि ती खरी की कल्पनेतली हेही त्याला ठाऊक नसतं. तळ्याकाठी त्याच्याकडे त्याहून भक्कम काही होतं: हे आपण केलेलं आहे, याची खात्री.

एक विसंगती मात्र मान्य करायला हवी. पहिल्या फेरीत लांबवर सांबराची आकृती स्पष्ट दिसते. दुसऱ्या फेरीत हॅरीच्या कांडीतून प्रकाशाच्या लाटांची ढाल निघते आणि सांबर नीट दिसतच नाही. दोन्ही दृश्यं जुळत नाहीत.

१५. मग टाइम-टर्नर वापरून हॅरीच्या आईवडिलांना का वाचवलं नाही?

याच नियमामुळे. इथे मागे जाऊन घडलेलं पुसता येत नाही, घडलेल्यात आपला वाटा असेल तर तो पार पाडता येतो. बकबीक वाचला कारण तो मेल्याचं कुणी पाहिलंच नव्हतं. जेम्स आणि लिली मेले हे पक्कं आहे. शिवाय ते यंत्र हर्माईनीला जास्तीच्या तासांना बसता यावं म्हणून मिळालं होतं. बारा वर्षं मागे जाण्याइतकं ते फिरवता येतं, असं चित्रपटात कुठेही सुचवलेलं नाही.

१६. नकाशा कधीच खोटं दाखवत नाही. मग तो आधी बाळगणारे रॉनचे जुळे भाऊ फ्रेड आणि जॉर्ज यांना रॉनच्या पलंगावर 'पीटर पेटिग्र्यू' कधी दिसला कसा नाही?

चित्रपट याचं उत्तर देत नाही. पटण्याजोगं स्पष्टीकरण असं: किल्ल्यात शेकडो नावं एकाच वेळी सरकत असतात आणि जुळे भाऊ बघत ते शाळेचा पहारेकरी फिल्च कुठे आहे तेवढंच. धाकट्या भावाच्या खोलीवर पाळत ठेवायला ते नकाशा उघडत नसत. शिवाय पेटिग्र्यू हे नाव त्यांच्या ओळखीचं असायचं कारण नाही.

चित्रपटाने मात्र हा प्रश्न स्वतःच ओढवून घेतला. पुस्तकात नकाशावर पेटिग्र्यू दिसतो तो लुपिनला, तेही शेवटच्या रात्री. चित्रपटात तो हॅरीला बराच आधी दिसतो, आणि हॅरी कांडीच्या उजेडात बोळातून त्याला शोधत फिरतो. प्रसंग उत्तम रंगलाय, पण त्यामुळे 'मग आधी कुणालाच कसं दिसलं नाही' ही शंका जास्त टोचते.

१७. पौर्णिमा होती, तर लुपिन संध्याकाळीच लांडगा का झाला नाही?

पडद्यावरचा नियम असा दिसतो की चंद्राचा उजेड अंगावर पडावा लागतो. आत असताना आणि चंद्र ढगाआड असताना तो माणूसच राहतो. हा नियम कुणी शब्दांत सांगत नाही. 'आज औषध घेतलंस का?' असं सिरियस विचारतो, त्याचा संदर्भ गाळलेल्या भागातला आहे: ते औषध वेळेवर घेतलं तर रूपांतर होऊनही मन ताब्यात राहतं. त्या रात्री नकाशा पाहून लुपिन धावत निघाला आणि घ्यायचं राहिलं.

लांडगा केसाळ का नाही, असंही विचारतात. तो मुद्दाम काटकुळा आणि आजारी दाखवला आहे, शाप म्हणजे दुखणं असावं म्हणून. पटतं, पण धाक थोडा कमी होतो.

१८. शाळेबाहेर जादूला बंदी आहे. मग सुरुवातीलाच हॅरी पांघरुणात कांडी कशी पेटवतो?

चूकच आहे. मालिकेच्या नियमानुसार लगेच मंत्रालयाचं पत्र यायला हवं होतं. मार्ज आत्याला फुगवणं वेगळं. ते रागाच्या भरात आपोआप घडलं, आणि फज ते माफही करतो. पांघरुणातला सराव मात्र जाणूनबुजून केलेला. सुरुवात देखणी व्हावी म्हणून नियम बाजूला ठेवला, एवढंच त्याचं स्पष्टीकरण.

१९. हॅरीच्या वर्गातली पार्वती पाटील मराठी आहे का?

आडनाव वाचून आपल्याकडे हा प्रश्न पडणारच. कथेत तिच्या घराण्याचा प्रांत किंवा भाषा सांगितलेली नाही, म्हणून हो म्हणता येत नाही. या भागात ती बोगार्टच्या (समोरच्याच्या भीतीचं रूप घेणारा प्राणी) वर्गात ठळक दिसते: तिच्यासमोर प्रचंड नाग येतो आणि मंत्रानंतर डबीतून उसळणारा विदूषक होतो. पुस्तकात तिची भीती म्हणजे पट्ट्या गुंडाळलेली ममी. भारतीय मुलगी म्हणून चित्रपटाने नाग दिला असेल, तर तो विचार जरा आळशीच म्हणायचा.

मालिकेची पुस्तकं मराठीत मंजुल पब्लिशिंग हाऊसने आणली आहेत. प्रश्न ११ मधला गाळलेला इतिहास मुलांना मराठीतून वाचून दाखवायचा असेल तर तिसरं पुस्तक मिळवा आणि श्रीकिंग शॅकमधली प्रकरणं आधी काढा.

२०. सगळ्यात चांगला म्हणतात, मग कमाई सगळ्यात कमी कशी?

जगभरातली कमाई जवळपास ८० कोटी डॉलर, आठांत सर्वांत कमी. कमी म्हणजे या मालिकेच्या मानाने कमी, खर्च कितीतरी पटीने वसूल झाला. आधीचे दोन्ही भाग नोव्हेंबरात, नाताळच्या तोंडावर आले होते. हा २००४ च्या मे-जूनमध्ये, इतर बड्या चित्रपटांच्या गर्दीत आला. अगदी लहान मुलांचे पालक बिचकले असणार, हेही धरायला हवं. समीक्षकांनी मात्र तेव्हाच उचलून धरला. जॉन विल्यम्स यांच्या संगीतालाही ऑस्कर नामांकन होतं. मालिकेसाठी त्यांचं हे शेवटचं काम. मुलांच्या गायनवृंदाच्या गाण्याचे शब्द 'मॅकबेथ'मधल्या चेटकिणींचे आहेत, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही.

२१. शेवटच्या नामावलीनंतर काही आहे का?

नवं दृश्य नाही. पण नामावली नकाशावर पावलांच्या ठशांसोबत सरकते, ती बघण्याजोगी आहे, आणि अगदी अखेरीस हॅरीच्या आवाजात नकाशा बंद करण्याचे शब्द ऐकू येतात. ऑनलाइन पाहत असाल तर पुढचा चित्रपट आपोआप सुरू व्हायच्या आत 'नामावली बघा' हा पर्याय दाबा.

२२. नंतरचे हॅरी-हर्माईनी फिरत होते तेव्हा नकाशावर दोन-दोन नावं दिसली असतील का?

नकाशा खोटं दाखवत नाही हा नियम धरला तर हो, दिसायलाच हवीत. त्या वेळी नकाशा लुपिनकडे होता, आणि तो रिकाम्या खोलीत टाकून लुपिन श्रीकिंग शॅककडे धावला होता. स्नेपने पाहिला तोही घाईत, नजर लुपिनच्या नावावर. म्हणून दोन हॅरी कुणी मोजले नाहीत. त्या संध्याकाळी फिल्चच्या हाती नकाशा लागला असता तर काय झालं असतं, यावर मात्र वाद घालायला कुणाचीच हरकत नाही.